चार दिवस थांबलेलं जहाज

हिंदुराव आप्पांना जाऊन दोन द्राक्षहंगाम झाले. पॅकहाऊसमध्ये काम करणारी माणसं वर्षं अशीच मोजतात. जानेवारी ते एप्रिल एवढंच आमचं वर्ष. उरलेले महिने आम्ही यंत्रं पुसतो, कागद लावतो आणि पुढच्या हंगामाची काळजी करतो. या दोन हंगामांत कंटेनर भरला जात असताना मी कितीतरी वेळा मागे वळून पाहिलंय. शेडच्या तिसऱ्या खांबापाशी आप्पा उभे असतील असं उगीचच वाटतं. तिथे कुणी नसतं, नुसता खांब असतो.

आमचं पॅकहाऊस कराडहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उसाच्या दोन फडांच्या मधोमध. सकाळी बागेतून काढलेली द्राक्षं इथे येतात, निवडली जातात, डब्यांत बसतात, थंड होतात आणि कंटेनरमधून मुंबईपलीकडच्या बंदराला जातात. तिथून जहाजाने युरोपला. मी मूळची सांगलीची, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातली. पुण्यात मालवाहतुकीचं शिक्षण घेऊन निर्यातीचं काम बघायला इथे आले तेव्हा बंदरं, जहाजं आणि त्यांची आपसातली स्पर्धा याबद्दल मला सगळं माहीत होतं, निदान परीक्षेला येईल तेवढं तरी. एखादं बंदर का चालतं आणि दुसरं का मागे पडतं यावर मी चाळीस पानांचा प्रकल्प लिहिला होता. त्यात पाण्याची खोली होती, क्रेनची संख्या होती, रस्ते होते, रेल्वे होती, संगणक होते. माणसं शेवटून दुसऱ्या पानावर होती, 'मनुष्यबळ' या नावाखाली, सव्वादोन ओळींत. हिंदुराव आप्पा त्या सव्वादोन ओळींतले गृहस्थ.

ते आमच्याकडे आले ते रखवालदाराच्या जागेसाठी. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकुळे, पांढरा लेंगा, टोपी, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजं भरण्यात आणि रिकामी करण्यात गेलेली. गोदीतलं काम आटलं तसे स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी आले होते. गाव आमच्या फाटकापासून पायी वीस मिनिटांवर. आमचे कंटेनर भरणारे चौदा गडी त्याच गावचे.

त्या दिवशी मालक आतल्या खोलीत फोनवर होते, म्हणून आप्पा बाहेर कंटेनर भरणं बघत थांबले होते. चौदा जण काम करत होते आणि चौदाच्या चौदा ओरडत होते. "उजवीकडं घे", "आरं डावीकडं", "थांब रं", "ढकल की गड्या". पॅलेट म्हणजे लाकडी पाटावर रचून पट्ट्यांनी आवळलेले द्राक्षांचे डबे. ते हातगाडीने कंटेनरमध्ये न्यायचे, एवढंच काम. त्या आरडाओरड्यात एक पॅलेट दारालाच आडवं झालं. आप्पा माझ्याकडे वळले. माझी-त्यांची ओळखसुद्धा नव्हती.

"ताई," ते म्हणाले, "माल हातानं चढतोय का तोंडानं?"

मला राग आला. राग यायला मला फार लागत नाही. मी म्हटलं, "मग तुम्ही चढवून दाखवा."

त्यांनी दाखवलं. सगळ्यांना खाली उतरवलं, कंटेनरचं दार लावून घेतलं, आणि एकेकाला विचारलं की तू काय करतोस. चौदापैकी नऊ जणांना ते नीट सांगता आलं नाही. मग त्यांनी प्रत्येकाला जागा दिली, वीस पॅलेट कोणत्या क्रमाने जातील ते जमिनीवर खडूने आखलं आणि सांगितलं, "बोलनार फकस्त मी. तुमी बघायचं." आणि दार उघडलं. उरलेली पॅलेट निम्म्या वेळात आत गेली. मालक फोन संपवून बाहेर आले तेव्हा शेडमध्ये इतकी शांतता होती की त्यांना वाटलं काम बंद पडलंय. रखवालदार आम्ही नंतर दुसरा बघितला.

आप्पांच्या काही सवयी होत्या आणि त्यांची आम्ही यथेच्छ चेष्टा करायचो. टांगलेल्या कोणत्याही वस्तूखाली ते उभे राहत नसत. गोदीत डोक्यावरून सतत ओझी जात; खाली उभा राहिलेला माणूस घरी परत येईलच याची खात्री नसे. तिथे जडलेली ही सवय गावी आली तरी सुटली नाही. माझ्या केबिनमध्ये आले की खुर्ची पंख्याखालून ओढून भिंतीला लावत आणि घामाने डबडबून बसत. मालकांच्या मुलीच्या लग्नात कार्यालयात मोठं झुंबर होतं. आप्पांनी पंगतीतली जागा तीनदा बदलली आणि शेवटी आचाऱ्याजवळ बसून जेवले.

दुसरी सवय दाराची. द्राक्षं शून्याच्या आसपास थंड केलेली असतात. भरताना कंटेनरचं दार जितका वेळ उघडं, तितकी गरम हवा आत. हे मी गड्यांना आकडे सांगून, तक्ते लावून शिकवलं होतं आणि कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आप्पांनी कधी आकडा सांगितला नाही. दार उघडण्याआधी ते डोक्यावरची टोपी काढायचे, झटकायचे, परत घालायचे आणि म्हणायचे, "उघडा." त्यानंतर दार लागेपर्यंत कुणी फोन घ्यायचा नाही, तंबाखू मळायची नाही, कुणाला नमस्कारसुद्धा करायचा नाही. एकदा मालक एका परदेशी पाहुण्याला घेऊन ऐन भरण्याच्या वेळी दारात येऊन उभे राहिले आणि इंग्रजीत माहिती द्यायला लागले. आप्पा शांतपणे म्हणाले, "मालक, बाजूला व्हा. दार उघडं हाय." मालक बाजूला झाले. पाहुण्याने काय म्हणाले म्हणून विचारलं तर मालकांनी सांगितलं, "ते तुमचं स्वागत करताहेत."

तिसरी सवय मीच लावली, आणि मग तिचा मलाच ताप झाला. जहाज समुद्रात कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं हे मी त्यांना एकदा दाखवलं. निळ्या पाण्यात एक एवढासा बाण. त्या दिवसापासून आप्पा रोज सकाळी केबिनच्या दारात हजर. "ताई, आपलं कुठवर गेलं?" आपलं म्हणजे आपण भरलेला कंटेनर ज्या जहाजावर आहे ते. लाल समुद्राकडची वाट धोक्याची झाली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली त्या वर्षी तर त्यांनी मला वेड लावलं. दोन-दोन आठवडे बाण आफ्रिकेच्या कडेकडेनं सरकत होता. "आजून वळंना व्हय?" असं ते एखाद्या नातेवाइकाची चौकशी करावी तसं विचारायचे. त्या वर्षी द्राक्षं जास्त दिवस प्रवासात राहिली, आणि कुठल्या पॅकहाऊसने किती जपून भरलंय ते तिकडे पेटी उघडल्यावर लगेच कळलं. आमची टणक निघाली. खरेदीदाराचा तसा निरोप आला तेव्हा मी तो भरणाऱ्या टोळीला वाचून दाखवला. आप्पा खांबाला टेकून ऐकत होते.  दुपारी त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा करून पाजला, आणि तो फार वाईट होता.

मी एकदा त्यांना माझ्या प्रकल्पाबद्दल सांगितलं. बंदराला खोल पाणी लागतं, मोठ्या क्रेन लागतात वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, किनाऱ्याला काय, सगळीकडं पानीच हाय," ते म्हणाले. "जहाजाला चाकं न्हाईत आन रस्ता बी न्हाई, त्ये कुठंबी जाईल. मग त्ये येतं कुठं? जितनं लवकर सुटतं तितं. आन सुटतं कुनामुळं?"

"क्रेनमुळे," मी मुद्दाम म्हटलं.

"क्रेन कोन चालवतं? तुमचा मोबाइल?"

"आता तसंच होणार आहे आप्पा. काही बंदरांत क्रेनवर माणूसच नसतो."

ते हसले. "असंल. पर त्ये बिघडल्यावर कुनाला हाक मारत्यात त्ये बघा."

गोदीच्या गोष्टी ते भरपूर सांगत. पण एका जागी आले की थांबत. गोदी भरात होती, जहाजांची रांग लागायची, टोळीला मान होता, हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणत, "मग जहाज गेलं." आणि उठून जात. कुठलं जहाज, कुठे गेलं, ते विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करत. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते सांगायचे की खाडीपलीकडे नवं बंदर झालं आणि जुनी गोदी बसली. बरीचशी माणसं परत गावी आली, जमेल ते काम करू लागली. आमच्या टोळीतल्या संज्याचा बाप त्यातलाच. तो आप्पांच्याच टोळीत होता. परत आल्यावर दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजत राहिला आणि संज्या दहावीत असताना वारला. संज्या आता तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, टोळीतला सगळ्यात जोरकस आणि सगळ्यात तोंडाळ गडी. आप्पांवर त्याचा फार जीव. बापाचे दोस्त म्हणून त्यांना डबासुद्धा तोच घरून आणायचा.

आप्पांचा शेवटचा हंगाम संपत आला होता. चैत्राचा महिना. या गावच्या भैरोबाची यात्रा चैत्रात असते. पहिल्या दिवशी सकाळीच पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्या. त्या दोन दिवसांत गावचा माणूस कामाला मिळणार नाही हे आम्ही धरूनच चालतो. आमच्या मोठ्या खरेदीदाराचा शेवटचा कंटेनर यात्रेनंतर भरायचा होता; इतरांचे काही त्याच्याही मागे होते. पालखीच्या आदल्या दिवशी सकाळी मेल आला की जहाज दोन दिवस आधी सुटतंय. कंटेनर बंदरात वेळेत पोचायचा तर पालखीच्या दिवशीच भरून निघायला हवा होता. खरेदीदाराच्या पुण्यातल्या माणसाला मी फोन केला. तो भला माणूस होता, पण त्याने सरळ सांगितलं, "मॅडम, हे जहाज चुकलं तर पुढच्या वर्षीची ऑर्डर दुसऱ्या पॅकहाऊसला जाईल. वरून तसं ठरलंय. मी काही करू शकत नाही."

ती ऑर्डर म्हणजे आमचा निम्म्याहून जास्त हंगाम. चौदा गडी आणि निवड करणाऱ्या तीस बायका, सगळ्यांची कामं तिच्यावर. मालकांनी टोळीला बोलावून हे सांगितलं आणि म्हणाले, "तुमी यात्रा सोडा असं मी म्हननार न्हाई. भैरोबा माझा बी हाय. इस्लामपूरकडनं दुसरी टोळी मागवतो एका दिवसापुरती."

संज्या पुढे झाला. "न्हाई मालक. आमच्या दाराला दुसऱ्या टोळीनं हात लावायचा न्हाई."

"आरं, मग भरनार कोन?"

"आमी. यात्रा करून येतो, मग भरतो. तवर थांबू द्या तुमचं जहाज."

टोळी हसली. मागून कुणीतरी शाब्बास म्हणालं. मी आप्पांकडे पाहिलं. ते खांबापाशी होते आणि हळूहळू खाली बसत होते. मला वाटलं उन्हाने चक्कर आली. मी पाणी घेऊन धावले. त्यांनी पाणी बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "संज्या, हितं ये. समदी या."

सगळे जमले. आप्पा जमिनीवर बसूनच बोलले. मोठ्याने नाही, पण त्यांच्या टोळीला मोठ्याने बोलण्याची सवय राहिलीच नव्हती.

"गोदीत आमची टोळी सोळा जनांची. समदी ह्याच गावची. मी म्होरक्या. असाच चैत हुता. लोणंदचा कांदा आखाताला जानार हुता, वळवाच्या पावसात भिजल्याल्या पोत्यांनी शेड भरल्याली. जहाज धक्क्याला लागलं आन दुसऱ्या दिवशी हितं पालखी. आमी रजा टाकली, सोळाच्या सोळा. शेजारची टोळी म्हनली, तुमी जावा, आमी भरतो. मी म्हनलं, आमच्या जहाजाला हात लावायचा न्हाई. आमी आल्यावर भरू. गोदीत तशी रीतच हुती, येकाच्या जहाजाला दुसरा हात लावत नसे. पर त्येंनी आपनहून इचारलं हुतं. मी व्हय म्हनलं असतं तर झालं असतं."

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"चार दिवस जहाज हुबं. आमी हितं गुलाल खेळलो, कुस्त्या बघितल्या. माघारी गेलो तर शेडात पाय ठिवंना. कांदा सुटल्याला. पोत्यातनं पानी गळतंय, वरनं मोड आल्यालं. निम्मा माल टाकून दिला. जहाजाचा कप्तान वर कठड्याला टेकून बघत हुता. त्यो काय बोलला न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कंपनीचं जहाज पुन्ना आमच्या धक्क्याला कवाच लागलं न्हाई. नव्या बंदराकडं गेलं. त्येच्या मागनं दुसऱ्या कंपन्या गेल्या. आमी हजेरी लावायचो आन बसून ऱ्हायचो. दोन वर्सात टोळी फुटली. लोक म्हनत्यात सरकारनं केलं, नव्या बंदरानं केलं. मी कुनाला बोललो न्हाई. त्ये जहाज मी घालवलं."

संज्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो म्हणाला, "माझा बाबा त्याच टोळीत हुता."

"व्हय."

"त्यो मरस्तवर म्हनायचा, गोदी बसली. आन तुमी ऐकून घेत हुता?"

"व्हय."

"म्हंजे बाबाचं काम तुमी घालवलं."

"व्हय रं. मी घालवलं."

संज्या वळला आणि फाटकाबाहेर चालता झाला. बाकीचेही एकेक करून गेले. मालक मला म्हणाले, "इस्लामपूरला फोन लाव." मी लावला. तिकडची टोळी दुसरीकडे गुंतलेली होती. संध्याकाळी घरी जाताना मला वाटलं, संपलं आता. आणि आप्पांचाही राग आला. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आजच कशाला काढायची होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पोचले तेव्हा कंटेनर दाराला लागला होता आणि चौदा जण आपापल्या जागेवर उभे होते. अंगात यात्रेचे नवे कपडे, वरून मळकी जाकिटं. संज्या सगळ्यात पुढे. आप्पांनी टोपी काढली, झटकली, घातली. "उघडा." एकतीस मिनिटांत दार लागलं. हंगामातलं सगळ्यात चांगलं भरणं ते. पोरं मोटारसायकली काढून पालखीला पळाली. भैरोबाच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा आप्पांच्या घराण्याचा. पण ते गेले नाहीत. कंटेनरला सील लागून कागद होईपर्यंत थांबले, ड्रायव्हरला दोनदा वाट समजावली, आणि मग सावकाश गावाकडे गेले. तोवर खांदा त्यांच्या पुतण्याने दिला होता.

जहाज मिळालं. पुढच्या वर्षीची ऑर्डर राहिली. संज्या मात्र आप्पांशी बोलेनासा झाला. डबा आणणं बंद झालं. समोर आला तर मान खाली घालून जायचा. गावातही कुजबूज झाली. आणखी दोन-तीन घरांनी आप्पांना टाळायला सुरुवात केली.  आप्पा बारीक झाले, आधीच होते त्याहून.

मला एक शंका पहिल्या दिवसापासून होती. एका टोळीच्या चार दिवसांमुळे अख्खी कंपनी बंदर सोडते? माझी चाळीस पानं तसं म्हणत नव्हती. पण कांद्याच्या त्या वर्णनापुढे चाळीस पानं काढण्याची माझी हिंमत झाली नव्हती. मे महिन्यात सांगलीला मामेबहिणीच्या लग्नाला गेले. मामांचे एक व्याही मुंबईत जहाजकंपन्यांचे एजंट म्हणून आयुष्यभर काम केलेले. मठ्ठा पिता पिता मी त्यांना विचारलं, आखाताला जाणारा कांदा, चैत्राचा महिना, चार दिवस थांबलेलं जहाज. ते एकदम खुलले.

"आठवतो की! काय वास सुटला होता. विम्याचे कागद मीच केले."

"त्यानंतर ती कंपनी गोदीत आली नाही ना?"

"कशी येईल? त्यांनी नव्या बंदराशी करार केला होता. कांद्याच्या सहा महिने आधीच झाला होता. तिथे खोल पाणी, मोठी जहाजं लागतात, कंटेनरची सोय. जुन्या गोदीतली त्यांची ती शेवटचीच फेरी. कांदा भरला असता काय आणि सडला असता काय, ते जाणारच होते."

मला इतका आनंद झाला की मी लग्नातून दुपारीच निघाले.  त्या गृहस्थांच्या एका वाक्याने आप्पा सुटणार होते. आणि संज्या बोलायला लागणार होता. गाडी चालवताना मी ते कसं सांगायचं याची तालीम करत होते.

हंगाम संपलेला, पॅकहाऊस बंद. आप्पा तरीही होतेच. शेडमध्ये एकटेच बसून आतल्या वापराच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या ठोकत होते, तोंडात चार खिळे धरून. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी एकेक खिळा तोंडातून काढून जमिनीवर ठेवला.

"सहा म्हयनं आदी?" त्यांनी विचारलं.

"हो. करार झालेला होता."

"आमाला कोन बोललं न्हाई."

"तुम्हाला कशाला सांगतील आप्पा?" मी म्हटलं, आणि म्हटल्यावर मला कळलं की मी काय म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. "आमाला कशाला सांगत्यात."

त्यांनी हातोडी खिळ्यांशेजारी ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे आमी कांदा भरला असता तरी जहाज जानार हुतं."

"हो. तुमचा काही दोष नव्हता. तेच सांगायला आले."

"आन न्हाई भरला तरी जानारच हुतं."

"हो."

"मग आमी केलं काय, न केलं काय, सारखंच म्हना की."

मी निर्दोष असल्याची बातमी घेऊन आले होते, आणि समोर बसलेला माणूस काहीतरी हिरावून घेतल्यासारखा दिसत होता. इतकी वर्षं ज्या हातांवर त्याने एवढं मोठं पाप धरलं होतं, ते हात कुणाच्या खिजगणतीतच नव्हते, असं मी त्याला सांगत होते. मला फार लाज वाटली. माझ्या त्या सव्वादोन ओळींचीही वाटली.

"मी संजयला सांगते," मी म्हटलं.  "तो तुमच्याशी बोलायला लागेल."

"न्हाई," आप्पा पटकन म्हणाले. "संज्याला ह्ये कळता कामा नये. कुनालाच."

"अहो, पण त्याला वाटतंय की तुम्ही त्याच्या वडिलांचं काम घालवलंत!"

"वाटू द्या. त्येचं काम बघितलं का तुमी, यात्रेपासनं? दाराचं रबर सोता पुसतोय. पॅलेट ठिवताना आवाज येत न्हाई. त्येला कळलंय, हात ढिला पडला तर जहाज जातं." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आता त्येला कसं सांगायचं, की न्हाई रं बाबा, तसं काय नसतंय?"

"पण तो बोलत नाही ना तुमच्याशी."

"बोलत न्हाई," ते म्हणाले. "लय वंगाळ वाटतं. पर सांगू नगा."

मी कबूल केलं. आणि मी निघाले. दिवाळीच्या आधी आप्पा गेले, झोपेत. पावसाळ्यापासून मी एका प्रशिक्षणासाठी केरळात होते, त्यामुळे त्या दिवसानंतर त्यांना मी पाहिलंच नाही. अंत्ययात्रेत संज्याने खांदा दिला असं कळलं. तोही न बोलताच.

मे महिन्यातल्या त्या दिवशी गाडी वळवताना मला आरशात शेड दिसली. आप्पांनी दुरुस्त केलेलं पॅलेट उभं केलं, त्याच्यावरून तळवा फिरवला, एके ठिकाणी थांबले, पुन्हा खाली बसले आणि वर आलेला एक खिळा आत ठोकायला लागले. पुढचा कंटेनर यायला अजून आठ महिने होते.